सात नंबरचं झाकण

सात नंबरची पेटी म्हणतात ती मी. वीतभर रुंद, दीड वीत उंच, समोर गोल भोक आणि वर सुटं झाकण. आता जुनी झाले आहे, भोकाच्या कडा कुरतडून झालर लागल्यासारख्या झाल्या आहेत, पण स्वस्थ बसणं मला अजूनही जमत नाही. मित्रांनो, गोष्ट सांगता सांगता मी मधेच पुढे पळाले तर मला मागे ओढा. माझा स्वभावच उतावळा आहे.

त्यात माझा काय दोष? मुळात मी एका मोडक्या कपाटाच्या दाराची फळी. दिवसातून वीस वेळा उघडायचं आणि वीस वेळा मिटायचं, यातच माझं बालपण गेलं. कपाट मोडीत निघालं तेव्हा एका सुताराने त्याच्या फळ्यांतून दहा पेट्या केल्या. पाखरांनी अंडी घालावी म्हणून केलेल्या पेट्या. फळ्या जुन्या आणि जरा वाकलेल्या होत्या, म्हणून सुताराने प्रत्येक पेटीचं झाकण तिच्याच तोंडावर ठेवून, रंधा मारून मारून बसवलं. पेट्या देताना तो म्हणाला, "हे बघा, प्रत्येकीचं झाकण तिचं तिलाच बसतं. अदलाबदल करू नका, खडखडेल."

ज्यांनी पेट्या करवून घेतल्या होत्या त्यांनी मान हलवली. मान हलवणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यांना सगळे काटेवाले म्हणत. बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. काटा केसभर इकडेतिकडे असलेला त्यांना चालायचा नाही, आणि माणूसही चालायचा नाही. जाड मिशी, खिशात सुताराची चपटी पेन्सिल, आणि बोलणं कसं, तर एक घाव दोन तुकडे. कामावरून आले की ते थेट गच्चीवरच्या खोलीत यायचे. तिथे भिंतीला दहा पिंजरे होते आणि प्रत्येक पिंजऱ्याला आमच्यातली एकेक पेटी टांगलेली होती. पिंजऱ्यांत बजरीगर होते, हिरवे, निळे, पिवळे, पांढरे. लोक त्यांना उगाच लव्हबर्ड म्हणतात. असं कुणी म्हटलं की काटेवाल्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि पुढचा अर्धा तास त्या माणसाची सुटका नसायची.

पेटीचं आयुष्य शांत असतं असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक हंगाम माझ्या जागी काढून पाहावा. आधी मादी येते आणि मला कुरतडते. का, तर तिला घर आवडलं म्हणून! मग तळातला लाकडाचा भुसा सगळा बाहेर फेकते. माणसाने परत भरला की परत फेकते. मग एक दिवसाआड एकेक अंडं. अठरा दिवस ती अंडी उलटीपालटी करते आणि मी श्वास रोखून असते. मग एक बारीकशी चिरचिर ऐकू येते, आणि त्यानंतर महिनाभर माझ्या पोटात जे काही चालतं त्याला गोंधळ हा शब्द अपुरा आहे. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात, भिंतीला पाय लावतात, भुकेने ओरडतात. पिल्लं उडून गेली की मला हायसं वाटायला हवं, पण तसं होत नाही. रिकामपण मला आणखीच टोचतं.

काटेवाल्यांची एक पद्धत होती. एखादं अंडं या पेटीतून त्या पेटीत हलवलं, की ज्या पेटीत ठेवलं तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने लिहायचे. लिहिताना मोठ्याने बोलायचेही. रविवारी ती नोंद वहीत उतरवली की झाकणावरचं खोडून टाकायचे. आणि पाखरं पाळणाऱ्या त्यांच्या मंडळींत एक रिवाज होता, की दुसऱ्याच्या झाकणाखालचं वाचायचं नाही. ज्याची पाखरं, त्याचं गुपित.

आता रंगांचं सांगते, कारण पुढचा सगळा रामरगाडा त्यावरूनच झाला. प्रत्येक पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. हिरवा वाटा दांडगा. दोघांपैकी एकाकडून जरी आला तरी पिल्लू हिरवं. निळा वाटा गरीब. तो हिरव्याच्या मागे लपून बसतो. म्हणजे हिरव्या जोडप्याला निळं पिल्लू होऊ शकतं, लपलेले दोन निळे वाटे एकत्र आले तर. पण निळ्या जोडप्याला हिरवं पिल्लू होत नाही. निळ्याच्या पोटात हिरवा लपूच शकत नाही, देणार कुठून? हे एवढं ध्यानात ठेवा.

काटेवाल्यांना हे आणि यापेक्षा कितीतरी अवघड हिशेब तोंडपाठ होते. त्यांचा एक मित्र होता, बाजाराच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला. हसरा माणूस, हात चालू आणि तोंडही चालू. दर रविवारी काटेवाल्यांची दाढी तोच करायचा, आणि स्वतःही दुकानाच्या मागे पाखरं पाळायचा. एकदा काटेवाल्यांनी लाल डोळ्यांचा पिवळा नर आणि साधी हिरवी मादी माझ्यात बसवली आणि एका कागदावर काहीतरी लिहून, घडी घालून मित्राच्या हातात ठेवलं. "पिल्लं झाल्यावर उघड." पिल्लं झाली, अजून अंगावर पीसही नव्हतं, तेव्हा त्यांनी मित्राला बोलावून प्रत्येकाचे डोळे दाखवले. कातडीखालून काहींचे लाल दिसत होते, काहींचे काळे. "लाल डोळ्यांच्या सगळ्या मुली निघतील, आणि पिवळ्या होतील. काळ्या डोळ्यांचे सगळे मुलगे, आणि हिरवे." चिठ्ठीत तेच लिहिलं होतं. पुढे महिन्यांनी, नाकावरचा रंग पक्का होऊन नर-मादी ओळखू येऊ लागल्यावर, सगळं तंतोतंत निघालं. सलूनवाला त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगत होता. गिऱ्हाइकं पळून जाऊ शकत नव्हती, गालाला वस्तरा लागलेला होता.

तेव्हापासून तो त्यांचा खेळच झाला. काटेवाले चिठ्ठी लिहायचे, सलूनवाला ती ब्लेडच्या खणात ठेवायचा, आणि पिल्लं बारा दिवसांची झाली की रविवारी सकाळी दोघं मिळून झाकण उघडायचे. अकरा वर्षं एकही चिठ्ठी चुकली नाही. त्या रविवारांची मी किती वाट पाहायची! दोन डोकी माझ्यावर वाकायची, एक मिशीवालं आणि एक साबणाच्या वासाचं.

मग बाराव्या वर्षी सलूनवाल्याने मित्राला एक मादी भेट दिली. गडद निळी, तजेलदार, त्याने स्वतः हाताने भरवून वाढवलेली. देताना म्हणाला, "दोन महिने एकटी ठेवलीय. नराची सावलीसुद्धा पडू दिली नाही." असं सांगणं गरजेचं असतं. मादी आधी एखाद्या नराबरोबर राहिलेली असेल, तर नव्या घरी आल्यावरही काही दिवस त्या जुन्याच नराची पिल्लं निघू शकतात, आणि मग रंगाचा सगळा हिशेब कोलमडतो. काटेवाल्यांनी तिला आपला आकाशी नर दिला, जोडी माझ्यात बसवली आणि चिठ्ठी लिहिली. लिहिताना नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलले, "सगळी निळी. काही आकाशी, काही गडद. दुसरा रंग निघाला तर मिशी उतरवीन." सलूनवाला म्हणाला, "वस्तरा तयार ठेवतो."

शेजारीच चार नंबरच्या पेटीत एक हिरवी जोडी बसली होती. दोन जोड्या एकाच वेळी बसवायच्या हीसुद्धा या छंदातली रीत. एकीवर संकट आलं तर दुसरी सांभाळते. आणि संकट आलंच. माझ्यात चार अंडी झाली होती, चारमध्येही चार. पाचवं अंडं चारमधल्या हिरव्या मादीच्या पोटात अडकलं आणि सकाळी काटेवाले आले तेव्हा ती पेटीत मरून पडली होती. त्यांनी तिची अंडी एकेक करून बॅटरीच्या उजेडात धरली. तीन पोकळ निघाली, ती टाकून दिली. चौथं अजून कोमट होतं आणि त्यात लाल शिरांचं जाळं दिसत होतं. जिवंत होतं! त्यांनी ते अलगद माझ्यातल्या निळ्या मादीखाली सरकवलं, माझं झाकण उलटं धरलं आणि लिहिलं. मीही ऐकलं. "चारमधलं एक जिवंत अंडं सातमध्ये ठेवलं. आईबाप हिरवे." खाली तारीख घातली.

झाकण बसवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यांची मुलगी परगावी होती, पहिलं बाळंतपण, आई महिनाभर आधीच तिच्याकडे गेलेली. "दवाखान्यात नेलंय, अडलीय, लगेच या." मित्रांनो, आताच एक मादी अंडं अडून मेलेली ज्या माणसाने हातात धरली होती, त्याला असा निरोप! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका पायात चप्पल, दुसरी हातात, असे ते जिना उतरले. जाता जाता सलूनमध्ये किल्ली टाकून एवढंच म्हणाले, "पाखरांना बघ."

सलूनवाल्याने बघितलं. सहा दिवस, सकाळी दुकान उघडण्याआधी आणि दुपारी दुकान बंद असताना. राळ्याचे दाणे घातले, पाणी बदललं, पाखरांशी गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला चार नंबरच्या पेटीवर मुंग्यांची रांग दिसली. मादी मेली होती ना तिथे. रांग माझ्यावरही आली होती. त्याने घाईघाईने दोघींची झाकणं काढली, वरून ओल्या फडक्याने पुसली, उन्हात ठेवली. आतल्या बाजूला काही लिहिलंय का हे त्याने पाहिलं नाही. ज्याची पाखरं, त्याचं गुपित. झाकणं वाळल्यावर त्याने ती परत बसवली आणि चारची रिकामी पेटी धुऊन अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवली.

माझ्यावर चारचं झाकण आलं. चारवर माझं.

त्या क्षणापासून माझ्या जिवाला जी टोचणी लागली ती काय सांगू! ते परकं झाकण माझ्यावर बसेचना. वारा आला की खडखड, मादी हलली की खडखड. मला वाटायचं, कुणीतरी ऐकेल, कुणाला तरी सुताराचे शब्द आठवतील.

काटेवाले परत आले ते हसत हसत. मुलगी सुखरूप, नात झाली होती. त्या आनंदात आणि चार रात्रींच्या जागरणात अंडं हलवल्याचं त्यांच्या डोक्यातून साफ धुऊन गेलं. झाकण उचललं, सहा अंडी मोजली. मागे मादीने आणखी दोन घातली असतील असं समजले. घातलं होतं एकच. झाकण ठेवताना खडखडलं तेव्हा म्हणाले, "लाकूड फुगलं वाटतं." वजनकाट्यातला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, आणि झाकण बदललेलं ओळखेना!

पिल्लं निघाली. एक अंडं वाया गेलं, पाच पिल्लं जगली. बाराव्या दिवसाचा रविवार आला. सलूनवाला चिठ्ठी घेऊन आला, काटेवाल्यांनी स्वतः चहा केला, दोघं माझ्यावर वाकले आणि झाकण उघडलं.

चार पिल्लांच्या अंगावर निळ्या पिसांच्या काड्या फुटत होत्या. पाचव्याच्या अंगावर हिरव्या.

सलूनवाला आधी हसला. "मिशी गेली रे तुझी!"

काटेवाले हसले नाहीत. त्यांनी पिल्लू उजेडात नेलं, परत आणलं, परत नेलं. मग म्हणाले, "ही मादी एकटी नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडे ती हिरव्या नराबरोबर होती. निळ्याला निळ्यापासून हिरवं होत नाही. तुला माहितीय."

"अरे, दोन महिने एकटी होती. मी तुला सांगितलं ना? अंडं हलवलं असशील तू. आठव बरं. चारमध्ये हिरवी जोडी होती."

"चारची अंडी मी टाकून दिली. आणि हलवलं असतं तर लिहिलं असतं. माझ्या हातून लिहायचं राहत नाही." असं म्हणून त्यांनी माझ्यावरचं ते परकं झाकण उलटं करून मित्राच्या डोळ्यांसमोर धरलं. "बघ. कोरं आहे. आणि वहीतही काही नाही."

मी किती धडपडले! लिहिलं होतं, बाबांनो, तुम्हीच लिहिलं होतं, ते शब्द दोन भिंतींपलीकडे अडगळीत पडले आहेत! पण पेटीचं कोण ऐकतं? पिल्लांनी कालवा केला, त्यात माझी खडखड कुठल्या कुठे विरून गेली.

सलूनवाल्याने त्या कोऱ्या झाकणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "झाकणावर विश्वास आहे. माझ्यावर नाही."

"रंग खोटं बोलत नाही," काटेवाले म्हणाले. "माणूस बोलतो."

हे वाक्य बोलायला नको होतं. बोलल्याबरोबर त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली घातली. पण शब्द मागे घेणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. सलूनवाल्याने खिशातली चिठ्ठी काढून माझ्याजवळ ठेवली आणि दारात जाऊन मागे वळून म्हणाला, "ते हिरवं मोठं झालं की पाठवून दे माझ्याकडे. खोट्याचं पिल्लू खोट्याकडेच बरं."

तो गेल्यावर झाकण पुन्हा वाजलं. काटेवाल्यांनी रागाने ती चिठ्ठी उचलली, आणखी दोन घड्या घातल्या आणि झाकणाच्या फटीत कोंबली. खडखड थांबली. माझं तोंडच बंद केलं म्हणा ना.

काटेवालीणबाई मुलीकडून परतल्या तेव्हा त्यांना हे सगळं कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, एका पाखरापायी माणूस तोडलात?"

"मी नाही तोडला. त्याने फसवलं."

"त्याने? सहा दिवस कोण येत होतं इथे दाणापाणी करायला?"

 शेवटी बाईच ते हिरवं पिल्लू टोपलीतून सलूनमध्ये पोचवून आल्या. पण एवढ्यावर भागलं नाही. पाखरं पाळणाऱ्यांची दर महिन्याला बैठक असायची. तिथे कुणीतरी सहज विचारलं आणि काटेवाल्यांनी आपलं मत सांगून टाकलं. त्यांचा शब्द म्हणजे काट्यावर तोललेला, असं सगळे मानत. झालं. सलूनवाल्याकडची पाखरं कुणी घेईनासं झालं. तो बैठकीला यायचा बंद झाला. वर्षभरात त्याने त्या एका हिरव्याखेरीज सगळी पाखरं देऊन टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि इथे तर चोर कुणी नव्हताच.

काटेवाल्यांचंही मन उडालं. चिठ्ठ्या लिहायच्या तरी कुणासाठी? ठेवून घेणारा आणि हसून उघडणारा माणूसच नव्हता. एकेक जोडी त्यांनी वाटून टाकली. दुसऱ्या न्हाव्याकडे जाणं त्यांना जमलं नाही, म्हणून घरीच दाढी करायला लागले, आणि केसही स्वतःच कापायला लागले. हनुवटीवर रोज नवा काप आणि मानेवर पायऱ्या. बाई एकदा म्हणाल्या, "जा की हो एकदा." ते म्हणाले, "मी कशाला जाऊ?" पण त्या दिवशी त्यांनी पायातली चप्पल तीनदा घातली आणि तीनदा काढली. हे बाईंनी शेजारणीला जिन्यात सांगितलं, ते मी ऐकलं.

तोवर मीही अडगळीत आले होते. मोडका पंखा, जुने काटे, गाद्यांच्या वळकट्या आणि फळीवर ओळीने आम्ही पेट्या. माझ्या शेजारी कोण? चार नंबर. तिच्या डोक्यावर माझं झाकण, माझ्यापासून हातभर अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर वळसा घालायलाही कुणी तयार नव्हतं. दार आपटलं की मी हलायची, फटीतल्या चिठ्ठीला ढकलून पाहायची. ती हटायची नाही. धूळ साचली, कोळ्यांनी जाळी केली. मला कुणी विसरलं याचं दुःख कमी होतं, मित्रांनो. माहीत असून सांगता येत नाही, हे मात्र माझं लाकूड आतून पोखरत होतं.

अशी जवळजवळ चार वर्षं गेली. मग सुट्टीत मुलगी माहेरी आली, आणि तिच्याबरोबर ती नात. तीन संपून चौथं चालू असलेली, घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण काढणारी आणि ते भलत्यावर बसतंय का हे पाहणारी. स्वयंपाकघरातले डबे संपल्यावर ती दुपारी अडगळीत शिरली. काटेवाले तिच्या पाठोपाठ, "पडशील गं, पडशील गं" करत. तिने हट्ट धरला म्हणून त्यांनी दोन पेट्या खाली काढून दिल्या. हाताला लागल्या त्या काढल्या, चार आणि सात.

नातीने दोन्ही झाकणं उपटली. फटीतली चिठ्ठी उडून जमिनीवर पडली. मग तिने एक झाकण चारवर ठेवलं. चपखल बसलं. "बसलं!" ती ओरडली. दुसरं तिने माझ्यावर ठेवलं, पण उलटं. त्यामुळे ते डुगडुगायला लागलं आणि तिला राग आला. "आजोबा, हे नाही बसत. यावर काय लिहिलंय?"

"काही नाही गं, जुनं..." म्हणत ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

चारमधलं एक जिवंत अंडं सातमध्ये ठेवलं. आईबाप हिरवे. अक्षर त्यांचंच. पेन्सिल त्यांचीच. आणि खाली तारीख. ती तारीख ते विसरणं शक्यच नव्हतं. नात समोर उभी होती, नाकाला धूळ लागलेली. तिचाच तो जन्मदिवस होता. एका तारखेने त्यांना सगळं परत आणून दिलं, ती मेलेली मादी, कोमट अंडं, फोन, हातातली चप्पल.

त्यांनी झाकण सरळ करून माझ्यावर ठेवलं. मित्रांनो, ते बसलं. आवाजसुद्धा झाला नाही. काटेवाले तिथेच जमिनीवर बसले आणि डोळ्यांना हात लावून रडले. नात घाबरून म्हणाली, "बसलं ना आता?"

त्यांनी मला बगलेत मारलं, चिठ्ठी खिशात घातली आणि चालू लागले. ऊन रणरणत होतं. त्यांचं काळीज धडधडत होतं ते मला बाजूने लागत होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याहून बेचैन कुणीतरी मला भेटलं होतं.

सलूनमध्ये एक गिऱ्हाईक होतं, अर्ध्या गालाला साबण. सलूनवाल्याने आरशात पाहिलं, दारातल्या माणसाला ओळखलं, आणि वस्तरा पुन्हा गालाला लावला.  काटेवाले उंबऱ्यातच थांबले. आत यायचं की नाही हे त्यांना कळेना. मला वाटलं, आता वळणार, आता परत फिरणार.

तेवढ्यात आरशावरच्या दांडीवरून आवाज आला, "या, बसा! या, बसा!"

हिरवं पाखरू होतं. माझ्याच पोटातलं! दिवसभर सलूनवाला गिऱ्हाइकांना जे म्हणायचा ते ते शिकलं होतं. साबणवालं गिऱ्हाईक खदखदून हसलं. सलूनवाला न वळताच म्हणाला, "त्याला सगळ्यांनाच म्हणायची सवय आहे."

पण काटेवाले बसले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर मला मांडीवर घेऊन बसून राहिले. मग उठले, मला आरशासमोर ठेवलं आणि झाकण उलटं करून मित्राच्या हातात दिलं. सलूनवाल्याने चष्मा पुसला. वाचलं. परत वाचलं.

"कुठे होतं हे?"

"चारवर. झाकणं बदलली गेली होती."

सलूनवाल्याचा चेहरा एकदम उतरला. "मीच पुसली होती रे ती. मुंग्या झाल्या होत्या. मीच वाळत घातली."

"उलटून वाचायचंस तरी."

"दुसऱ्याच्या झाकणाखालचं वाचत नाहीत," तो म्हणाला.

 काटेवाल्यांनी खिशातून चिठ्ठी काढून ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. "मिशी उतरव."

सलूनवाल्याने चिठ्ठी उलगडली. "कशाला? तुझ्या निळ्यांना निळीच झाली. चिठ्ठी बरोबर आहे."

"चिठ्ठीसाठी नाही. तुला खोटा म्हटलं, त्यासाठी."

"त्याला मिशी पुरायची नाही," सलूनवाला म्हणाला. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्याने पांढरं फडकं झटकलं, मित्राच्या गळ्याभोवती बांधलं आणि मानेवरून बोट फिरवलं. "हे केस कुणी कापलेत? उंदरांनी?"

दोघं हसले का रडले ते मला नीट सांगता येणार नाही. मी तेव्हा आरशात पाहत होते. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला पाहिलं, डाग पडलेली, कुरतडलेली, आणि शेजारी माझं स्वतःचं झाकण.

पुढच्या बैठकीला काटेवाले ते झाकण घेऊन गेले आणि उभे राहून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. चूक चार लोकांत केली होती, म्हणून माफीही चार लोकांतच मागितली. सलूनवाल्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. तरीही गेलेली चार वर्षं कुणाला परत आणता आली नाहीत, आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. 

मी आता सलूनमध्येच असते. हिरव्या पाखराची जोडी लागली आहे आणि माझा तळ पुन्हा कुरतडला जातो आहे. नवी चिठ्ठी ब्लेडच्या खणात आहे. झाकणावरची ती जुनी ओळ मात्र काटेवाल्यांनी अजून खोडलेली नाही, खोडूही देत नाहीत.

मित्रांनो, जाता जाता या म्हातारीचं एवढं ऐका. कुणाला खोटं ठरवायची वेळ आली, तर आधी आपल्याच घरातली झाकणं एकदा उलटून बघा. आणि एखादी जुनी पेटी उगाच खडखडायला लागली, तर तिच्या फटीत कागद कोंबू नका. जरा थांबा, उघडून पाहा. तिला काहीतरी सांगायचं असेल.